शाळेच्या फॉर्मवर मराठी लिहू की क्रिओल? मॉरिशसमधल्या एका आईला उत्तर

तुम्ही सांगलीच्या, लग्न होऊन मॉरिशसला आलात, मुलगा पाच वर्षांचा झाला आणि जानेवारीत पहिलीत जाईल. फॉर्मवर ऐच्छिक भाषेसाठी एकच रकाना आहे. सासरे म्हणतात मराठी लिहा, ती आपली मातृभाषा. नणंद म्हणते क्रिओल, म्हणजे इथे सगळे रोज बोलतात ती भाषा, मुळीच नको, ती काय खेळता खेळता येतेच. नवरा म्हणतो काहीही लिही, शेवटी इंग्रजी आणि फ्रेंचच कामाला येणार. आणि तुम्ही विचारलंत: मातृभाषेतून शिक्षण चांगलं हे आपण लहानपणापासून ऐकत आलो, पण या घरात माझ्या मुलाची मातृभाषा नक्की कोणती?

तुमचा हा शेवटचा प्रश्न मला फार जवळचा आहे. मी मूळची गुहागरची. लग्नानंतर इथे आले आणि वीसहून जास्त वर्षं प्राथमिक शाळांमधून मराठी शिकवली, संध्याकाळी गावच्या बैठकेत, म्हणजे समाजाने चालवलेल्या संध्याकाळच्या शाळेतही शिकवली. मराठीच्या शिक्षिकेला स्वतःचा असा वर्ग नसतो. आपली मुलं गोळा करायची, रिकाम्या खोलीत बसवायची, तास झाला की पुढच्या इयत्तेकडे जायचं. त्यामुळे दुसऱ्यांच्या वर्गात काय चाललंय ते दारातून सतत कानावर पडतं. मी सांगतेय ते बरंचसं तिथून आलेलं आहे.

आधी एक गोष्ट वेगळी काढू. तुमच्या घरात वाद चाललाय तो दिवसातल्या एका तासाचा. उरलेला सगळा दिवस मुलाच्या हातात इंग्रजी पुस्तक असणार. गणित इंग्रजीत, विज्ञान इंग्रजीत, इतिहास-भूगोल इंग्रजीत, फ्रेंच हा आणखी एक सक्तीचा विषय. आणि ते पुस्तक समजावून सांगताना शिक्षक बोलतात क्रिओल. कायद्याने तशी थोडी मोकळीक आहेच: 1957 पासूनचा नियम असा, की पहिल्या तीन इयत्तांत मुलाला सोयीची वाटेल ती भाषा वापरावी आणि चौथीपासून माध्यम इंग्रजी असावं. प्रत्यक्षात पुस्तक आणि परीक्षा पहिल्या दिवसापासून इंग्रजीच. म्हणजे मूल ज्या भाषेत ऐकतं तीत वाचत नाही, आणि ज्या भाषेत वाचतं ती त्याच्या घरात कुणीच बोलत नाही. माझ्या मते खरी अडचण इथे आहे. फॉर्मवरच्या रकान्याने ती थोडी कमी होते किंवा तशीच राहते, इतकंच.

याचा अर्थ काय होतो ते मला एका मुलाने शिकवलं. चौथीतला होता, माझ्या मराठीच्या तासाला यायचा. एकदा गणिताची वही घेऊन रडत बसला होता. उदाहरण होतं बारा आंबे चार मित्रांत सारखे वाटण्याचं, आणि त्याने बारा आणि चार यांची बेरीज करून सोळा लिहिलं होतं. मी वही मिटली आणि विचारलं, "तो एना दूझ मांग, तो पार्ताझ सा आंत कात कामाराद, साकेन गाञ्य कोम्ये?" तुझ्याकडे बारा आंबे, चार दोस्तांत वाटलेस, प्रत्येकाला किती? क्षणाचाही वेळ न लावता म्हणाला, "त्र्वा, मिस." तीन. त्याला भागाकार येत होता. त्याला 'शेअर' आणि 'ईच' हे दोन शब्द येत नव्हते. वहीवर मात्र लाल फुली होती आणि वर्षअखेरीला त्याच्या नावापुढे 'गणितात कच्चा' असा शेरा पडला.

अशी मुलं मी मोजलेली नाहीत, पण दर वर्षी भेटली. 2000 नंतरच्या काही वर्षांत सहावीच्या परीक्षेत या देशातलं जवळपास तीनातलं एक मूल नापास होत असे. त्याला गरिबी, गर्दीचे वर्ग, शिकवण्या अशी बरीच कारणं होती, सगळा दोष भाषेच्या माथी मारू नये. पण भाषेचा वाटा किती असेल हे विचारायलासुद्धा त्या काळी कुणी तयार नसे.

आता तुमच्या नणंदेचं म्हणणं. क्रिओल म्हणजे मोडकी फ्रेंच, ती शाळेत शिकवायची काय गरज? मीही हेच ऐकत इथे आले आणि पहिली दोन वर्षं तसंच मानत होते. मग एक दिवस वर्गात मी "मो मांझे दिरी" म्हणाले, मी भात खाते, अशा अर्थाने. सहा वर्षांच्या मुलांनी एका सुरात मला दुरुस्त केलं: "मो मांझ दिरी, मिस!" क्रियापदापुढे कर्म आलं की त्याचं शेपूट गळतं. नुसतं "मी खाते" म्हणायचं तर "मो मांझे", भात खाते म्हणायचं तर "मो मांझ दिरी". फ्रेंचमध्ये असा नियमच नाही. काळ बघा: "मो ति मांझे" खाल्लं, "मो पे मांझे" खातेय, "मो फिन् मांझे" खाऊन झालंय, "मो पू मांझे" खाईन. क्रियापद जागचं हलत नाही, आधीचा छोटा शब्द बदलतो. दुधाला 'दिले', पाण्याला 'दिलो', तांदळाला 'दिरी'. फ्रेंचमधला आधीचा शब्द नामात इतका विरघळलाय की आता "मो दिले" म्हणजे माझं दूध असं बिनदिक्कत म्हणता येतं. जिथे पाच-सहा वर्षांची मुलं मोठ्या माणसाची चूक पकडतात, तिथे व्याकरण असतंच. ते कुणी लिहून ठेवलं नव्हतं, एवढंच.

ती घडली कशी हे सासऱ्यांनाही सांगा. अठराव्या शतकात, फ्रेंचांच्या राज्यात, मादागास्कर, पूर्व आफ्रिका आणि काही आपल्या दक्षिण हिंदुस्थानातून गुलाम करून आणलेल्या माणसांना एकमेकांची भाषा कळत नव्हती. त्यांनी मालकाच्या शब्दांतून स्वतःची भाषा उभी केली. 1810 साली इंग्रज आले, 1835 साली गुलामगिरी गेली, आणि 1834 पासून गिरमिटिये, म्हणजे करारावर आणलेले हिंदुस्थानी मजूर, येऊ लागले, सुमारे साडेचार लाख. त्यांत मुंबई बंदरातून निघालेले आपले रत्नागिरी-सावंतवाडीकडचे लोक होते. मळ्यावर उतरल्यावर त्यांनी दोन भाषा उचलल्या: इतर हिंदुस्थानी मजुरांशी बोलायला भोजपुरी आणि बाकी सगळ्यांशी बोलायला क्रिओल. तुमच्या सासऱ्यांचे पणजोबा इथेच मळ्यावर असतील, तर घरात क्रिओल दीडशे वर्षं आहे. तिला परकी म्हणणं बरोबर होणार नाही.

मग इतका तिटकारा कशाचा? याची उत्तरं एका दमात देता येत नाहीत, आणि मला वाटतं तुमचा घरचा वाद समजायला हीच बाजू नीट बघायला हवी.

या देशात प्रत्येक भाषेची जागा ठरलेली आहे. कोर्टाचं दप्तर इंग्रजी, सकाळचं वर्तमानपत्र फ्रेंच, बाजार आणि स्वयंपाकघर क्रिओल, देवासमोर मराठी किंवा तमिळ किंवा हिंदी. इंग्रजी कुणाच्याच घरची नाही, म्हणून तिच्यावर कुणाचा राग नाही. फ्रेंच म्हणजे प्रतिष्ठा. क्रिओल सगळ्यांची, म्हणून तिची पत नाही. आणि पूर्वजांच्या भाषा या आपण कोण आहोत हे सांगणाऱ्या खुणा झाल्या. 1972 नंतर जनगणनेत जमात विचारणं बंद झालं, पण 'तुमच्या पूर्वजांची भाषा कोणती' हा प्रश्न पुढेही राहिला. तिथे 'मराठी' लिहिणारा माणूस आपण काय बोलतो ते सांगत नसतो, आपण कोणाचे ते सांगत असतो.

हे प्रकरण किती नाजूक आहे ते दोन घटनांवरून कळेल. 1995 साली सहावीच्या परीक्षेच्या क्रमवारीत आशियाई भाषांचे गुण धरावेत म्हणून सरकारने घटनादुरुस्ती आणली. ती संसदेत पडली, संसद बरखास्त झाली आणि डिसेंबरच्या निवडणुकीत सत्ताधाऱ्यांनी मॉरिशस बेटावरच्या साठच्या साठ जागा गमावल्या. 1998 साली नव्या नोटांवर तमिळ मजकूर हिंदीच्या खाली गेला म्हणून एवढा क्षोभ झाला की नोटा मागे घ्याव्या लागल्या. अशा देशात घरच्या फॉर्मवर 'मराठी' ऐवजी 'क्रिओल' लिहिणं म्हणजे सासऱ्यांच्या मनात काय होत असेल याचा विचार करा. ते अभ्यासक्रमाबद्दल बोलतच नाहीयेत. मराठीचा पट कमी झाला तर शाळेतला मराठीचा तास जाईल, आणि तो गेला तर उद्या आपण कुठे दिसणार, ही त्यांची भीती आहे. ती खोटी नाही. एका शाळेत एका वर्षी माझ्या वर्गात चार मुलं उरली होती. पुढच्या वर्षी तास चालू राहील की नाही या काळजीने मी उन्हाळ्याच्या सुट्टीत घरोघर गेलेली आहे.

आणखी एक गुंता. 'क्रिओल' हे इथे भाषेचं नाव आहे, तसंच आफ्रिकी वंशाच्या समाजाचंही. त्यामुळे हा विषय 'त्यांच्या' मुलांसाठी आहे असा समज सुरुवातीलाच पसरला. आपल्यातल्या अनेक घरांत क्रिओल नको म्हणण्यामागे तीच गोष्ट असते, ती तोंडाने कुणी बोलत नाही. मला याचं वाईट वाटतं. ज्या भाषेत आपण आईला हाक मारतो तिला दुसऱ्याची म्हणायचं, तेही त्या दुसऱ्याला कमी लेखण्यासाठी, हे आपल्या मुलांच्या कानावर जाऊ नये.

आणि तरीही, मराठीवरचं प्रेम खोटं आहे असं म्हणू नका. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी तिसरीच्या मुलांना विचारलं, घरी मराठी कोण कोण बोलतं? सगळ्यांचे हात वर. आवडलं मला. मग विचारलं, आज सकाळी आईला काय म्हणालास? पहिला मुलगा म्हणाला, "मो फिन् दिर मामा मो पा कोंतां दिले." मी आईला सांगितलं, मला दूध आवडत नाही. दुसरीही क्रिओलमध्ये, तिसराही. सगळ्यांची पाळी झाली तेव्हा एकाही मुलाने मराठी वाक्य सांगितलेलं नव्हतं, आणि तरी त्यातलं एकही मूल खोटं बोललं नव्हतं. त्यांच्या लेखी 'घरी मराठी बोलणं' म्हणजे गणपतीत आरती म्हणणं, आजीच्या झाकरीच्या, म्हणजे इथल्या मराठी लोकांच्या पारंपरिक गाण्यांच्या, ओळी पाठ असणं, पाडव्याला गुढी उभारणं. त्यांनी हात वर केले ते त्यासाठी. मी त्या दिवसापासून मराठी शिकवायची पद्धत बदलली: आधी त्यांना माहीत असलेली आरती आणि गाणी, मग त्यातली अक्षरं, आणि अर्थ सांगायचा तो क्रिओलमधून. मराठी ही त्यांच्या वारशाची भाषा आहे, आणि वारसा ज्या भाषेतून कळतो तीतूनच शिकवावा लागतो.

आकडेही हेच सांगतात. घरात क्रिओल बोलणारे 2000 च्या जनगणनेत सुमारे 70 टक्के होते, 2011 मध्ये 84 आणि 2022 मध्ये 90. त्यातल्या पहिल्या अकरा वर्षांत भोजपुरी 12 वरून 5 टक्क्यांवर आली. ज्या भोजपुरीच्या आधाराने मळ्यावरचे सगळे हिंदुस्थानी जोडले गेले तिची ही गत, तर मराठीची वेगळी कशी असेल?

शाळेत क्रिओल आली ती एकाएकी आली नाही. 'लेदिकास्यों पू त्रावायेर' ही कामगारांना शिकवणारी संस्था 1976 पासून प्रौढांना क्रिओलमधून लिहायला-वाचायला शिकवत होती. देव विरासामींसारखे भाषाशास्त्रज्ञ स्वातंत्र्याच्या आसपासपासून सांगत होते की ही या देशाची भाषा आहे. 2004 मध्ये विनेश हुकूमसिंग यांच्या गटाने लेखनाची एकच पद्धत ठरवून दिली, 2009 मध्ये अर्नो कार्पूरान यांचा पूर्ण क्रिओल शब्दकोश आला, 2011 मध्ये अधिकृत शुद्धलेखन आणि व्याकरण ठरलं, आणि जानेवारी 2012 मध्ये पहिलीच्या मुलांना क्रिओल हा ऐच्छिक विषय मिळाला. भोजपुरीलाही तेव्हाच हिंदीच्या जोडीने जागा मिळाली. कॅथलिक शाळांनी त्याआधीच, 2005 च्या सुमारास, सहावीत नापास झालेल्या मुलांना क्रिओलच्या आधाराने शिकवायला सुरुवात केली होती.

पण हे नीट लक्षात घ्या: क्रिओल विषय झाली, माध्यम झाली नाही. मातृभाषेतून शिक्षण असं आपण म्हणतो तेव्हा गणित त्या भाषेत, विज्ञान त्या भाषेत असं म्हणत असतो. ते शेजारच्या सेशेल्सने केलं, 1982 पासून पहिल्या इयत्ता क्रिओलमधून सुरू केल्या आणि पुढे इंग्रजीकडे नेलं. मॉरिशसने केलेलं नाही. म्हणून 'क्रिओल घेतली तरी मुलगा हुशार झाला नाही' किंवा 'क्रिओल घेतली आणि सगळं सुटलं', ही दोन्ही वाक्यं मी ऐकली आहेत आणि दोन्ही मला पटत नाहीत. रोजच्या एका तासाने मूल आपली भाषा नीट वाचू-लिहू लागतं. ते मोठं आहे, पण गणिताचं पुस्तक तसंच राहतं.

तो एक तास मोठा का, हे मला वाचन शिकवता शिकवता कळलं. वाचायला मूल एकदाच शिकतं. अक्षर म्हणजे आवाज, आवाज जोडले की शब्द, आणि तो शब्द आपल्याला माहीत आहे, ही वीज एकदा डोक्यात चमकली की पुढच्या भाषांना तीच कामाला येते. ती चमकायला दोन गोष्टी लागतात: लिपी सरळ हवी आणि शब्द ओळखीचा हवा. इंग्रजीत पाच वर्षांच्या मुलाला दोन्ही मिळत नाहीत. फ्रेंचमध्ये शब्द निम्मे ओळखीचे, पण स्पेलिंगमध्ये न उच्चारलेली अक्षरं ढीगभर. देवनागरी सरळ आहे, पण इथल्या बहुतेक मुलांना शब्द अनोळखी. क्रिओल जशी बोलतात तशी लिहितात आणि शब्द सगळे आईच्या तोंडचे. पहिलीतलं मूल तीन-चार महिन्यांत 'लाकाझ' हा शब्द वाचतं, मान वर करतं आणि म्हणतं, अरे, हे तर आमचं घर! माझ्या वर्गात 'आंबा' वाचल्यावर तो चेहरा क्वचित दिसायचा, कारण त्याच्या डोक्यात आंबा म्हणजे 'मांग' होता.

तुमचं घर मात्र वेगळं आहे, आणि म्हणून माझं उत्तर इथल्या बाकीच्या घरांना दिलं असतं तसं नाही. तुमच्या मुलाची आई खरोखरच त्याच्याशी मराठी बोलते. त्याच्यासाठी आंबा हा आंबाच आहे. वडील, आजी-आजोबा, शेजारची पोरं क्रिओल बोलतात. म्हणजे त्याच्या मातृभाषा दोन आहेत. कोणती खरी असा कौल लावू नका. मूल तसा लावत नाही. तुमच्याशी एका भाषेत भांडेल आणि वळून बाबांकडे दुसऱ्या भाषेत तक्रार करेल.

आता शाळेतला मराठीचा तास बघा. तो मराठी न येणाऱ्या मुलांसाठी आखलेला आहे. 'हा आंबा आहे, ती मुलगी आहे' इथून सुरुवात. तुमचा मुलगा तिथे पहिले एक-दोन महिने खूश राहील, सगळी उत्तरं देईल, मग कंटाळेल. अशी तीन-चार मुलं मला भेटली, सगळ्यांच्या आया महाराष्ट्रातून आलेल्या. त्यांतली दोन सहावीपर्यंत मराठीत पैकीच्या पैकी गुण मिळवत राहिली आणि मराठी पुस्तक मात्र एकही वाचत नव्हती, कारण 'आम्हाला शाळेत येतं' म्हणून घरी कुणी वाचून घेतलंच नाही.

मी मराठीची शिक्षिका आहे आणि तरी तुम्हाला सांगते: तुमच्या जागी मी असते तर फॉर्मवर क्रिओल लिहिलं असतं आणि मराठी स्वतः शिकवली असती. शाळेत त्याला कुणीतरी क्रिओल नीट वाचायला-लिहायला शिकवेल, ते तुम्हाला जमणार नाही. मराठी वाचायला शिकवायला मात्र तुमच्याइतकी योग्य माणूस त्या शाळेत बहुधा नाही. पण याला अटी आहेत. पहिली, रोज अर्धा तास, सणावारी नाही, रोज. नोकरी, धाकटं मूल, घरातली आजारपणं हे सगळं बघून प्रामाणिकपणे ठरवा. तो अर्धा तास देता येणार नसेल तर मराठीच लिहा, नाहीतर तो बोलेल मराठी आणि वाचू काही शकणार नाही. दुसरी, शाळेत क्रिओलला शिकलेला शिक्षक हवा. काही ठिकाणी छान शिकवतात, काही ठिकाणी पुस्तक उघडून फ्रेंचचाच तास चालतो. तिसरी, तुमच्या गावात मराठी घरं किती आणि मराठीच्या वर्गात मुलं किती. तुमच्या एका मुलाने तास वाचणार असेल तर मी क्षणभर थांबेन, मग कदाचित मराठी लिहीन. अशा वेळी घरी त्याला क्रिओलची गोष्टींची पुस्तकं वाचून दाखवा म्हणजे तीही बाजू सुटणार नाही.

नवऱ्याचं म्हणणं उडवून लावू नका. हा छोटा देश साखर, कापड, पर्यटन आणि बँकांच्या पैशावर जगतो, पुढचं शिक्षण इंग्रजीत आहे, नोकरीत फ्रेंच लागते. त्याच्या वर्गातले काही जण इंग्रजी-फ्रेंच न आल्यामुळे मागे पडले, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असणार. त्याला एवढंच सांगा की मला इंग्रजी कमी करायची नाही, तिचा पाया आधी भरायचा आहे.

तो पाया कसा भरायचा ते मला जमलं तसं सांगते. गणिताचं शाब्दिक उदाहरण आलं की मुलाला ते इंग्रजीतून मोठ्याने वाचू द्या, मग पुस्तक मिटा आणि म्हणा, मला गोष्ट सांग. मराठीत सांगो, क्रिओलमध्ये सांगो. गोष्ट आली नाही तर गणिताला हात लावू नका, कुठला शब्द अडला ते शोधा. गोष्ट आली की चित्र काढायला लावा, उत्तर काढा, आणि शेवटी उत्तराचं पूर्ण वाक्य इंग्रजीत लिहून घ्या. पहिल्या दोन इयत्तांच्या गणितात अडवणारे शब्द फार नसतात: 'शेअर', 'ईच', 'लेफ्ट', 'ऑल्टुगेदर', 'हाउ मेनी मोअर', आणखी थोडे. ते एका वहीत, प्रत्येकापुढे मराठी आणि क्रिओल शब्द आणि एक छोटं चित्र, असे लिहून ठेवा. मी ही वही माझ्या मराठीच्या मुलांसाठी सुरू केली होती. माझा तो विषय नव्हता, पण बारा आंब्यांच्या त्या फुलीनंतर राहवलं नाही.

मराठीच्या अर्ध्या तासात बाराखडीपासून सुरुवात करू नका. त्याला तोंडपाठ असलेल्या आरतीच्या दोन ओळी मोठ्या अक्षरांत लिहा आणि बोट फिरवत म्हणा, अक्षरं त्यातूनच वेचता येतात. सांगलीहून आजीला फोन लागला की तिने सांगितलेली एखादी गोष्ट त्याने सांगायची आणि तुम्ही लिहायची. दोन-तीन वर्षांत वही भरेल आणि ती त्याची स्वतःची वाचनमाला असेल.

म्हणजे थोडक्यात असं: मातृभाषा एकच असावी हा आग्रह सोडा. शाळेतून क्रिओल, तुमच्याकडून मराठी, आणि इंग्रजीच्या पुस्तकाला दोन्हींचा टेकू. अर्ध्या तासाची खात्री नसेल किंवा क्रिओलला शिक्षक नसेल, तर मराठी.

फॉर्म भरण्याआधी एकदा शाळेत जा आणि हेडमास्तरांना विचारा की क्रिओल कोण शिकवतं, त्या शिक्षकाने त्याचं प्रशिक्षण घेतलंय का, आणि नंतर विषय बदलायचा झाला तर काय करावं लागतं. आणि सासऱ्यांशी वाद घालू नका. संध्याकाळी शांतपणे बसून त्यांना विचारा, त्यांचे वडील त्यांना हाक कोणत्या भाषेत मारायचे, रागावायचे कोणत्या भाषेत, आणि झाकरी कोण म्हणायचं. मी हा प्रश्न बऱ्याच आजोबांना विचारला आहे. ते आधी जरा गप्प बसतात. मग सांगायला लागतात, आणि सांगतात क्रिओलमधूनच, मधे मधे मराठी ओळी गात. त्या वेळी नातवाला जवळ बसवा.